केळी-कापसाच्या मुलखात मधमाशी काय खाते?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात सातपुड्याकडे तोंड करून उभं राहिलं की नजर पोचते तिथपर्यंत केळीच केळी. तापी ओलांडून दक्षिणेला आलं की पावसाळ्याच्या अखेरीस कापसाची वावरं फुलावर आलेली. एवढी हिरवळ आणि एवढी फुलं बघून इथे मधमाशांची चंगळ असणार असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात खानदेशची ही दोन मोठी पिकं मधमाशीला गोड पाणी भरपूर देतात, पण तिच्या पोटाला लागणारं खरं अन्न जवळजवळ देतच नाहीत. ते अन्न म्हणजे पराग. तो इथे कुठून येतो आणि त्यात काय असतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातला बराचसा भाग आपल्या बांधावर उगवतो आणि आपणच तो काढून टाकतो.

मधमाशी फुलावर दोन गोष्टींसाठी जाते. मकरंद म्हणजे साखरेचं पाणी. त्याचा मध होतो आणि उडण्याची, पोळं उबदार किंवा गार ठेवण्याची ताकद त्यातून मिळते. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र तिला परागातूनच घ्यावी लागतात, दुसरी सोय नाही. गंमत अशी की पराग गोळा करून आणणारी माशी तो स्वतः फारसा खात नाही. तो खातात पोळ्यातल्या तरुण, दाई माशा. त्यांच्या डोक्यात असलेल्या ग्रंथी परागातल्या प्रथिनांवर पोसल्या जातात आणि त्यांतून दुधासारखा रस पाझरतो. अळ्यांना आणि राणीला हाच रस भरवला जातो. एक कामकरी माशी अळीपासून पूर्ण वाढेपर्यंत साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम पराग तिच्यामागे खर्च होतो. आपल्याकडे पेट्यांत पाळतात त्या मेलिफेरा जातीच्या जोमदार वसाहतीला वर्षाला १५ ते ३० किलो, कधी त्याहूनही जास्त पराग लागतो. पराग आटला की दाईंचा रस आटतो, राणीचं अंडी घालणं मंदावतं, आणि पेटीत मध असूनही दीड-दोन महिन्यांत वसाहत रोडावते.

हा पराग ती आणते कसा, हे पाहायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात सकाळी लवकर बाजरीच्या वावरात जावं. कणसावर पिवळसर परागकोश लोंबत असतात. माशी कणसावर येते आणि खालपासून वर चढत जाते. तिच्या अंगावर बारीक, फांद्या फुटलेले केस असतात. उडताना अंगावर साचलेल्या विद्युतभारामुळेही परागकण तिच्याकडे ओढले जातात. बघता बघता ती पिठात लोळल्यासारखी होते. मग कणसापासून जरा दूर होऊन हवेत जागच्या जागी तरंगते आणि पाय एकमेकांवर घासू लागते. पुढच्या पायांनी डोकं पुसायचं, पोटातला थोडा मध बाहेर आणून त्यात पराग मळायचा, तो मधल्या पायांकडून मागच्या पायांकडे द्यायचा, आणि मागच्या पायावर बाहेरच्या बाजूला केसांनी वेढलेला जो खोलगट भाग असतो त्यात दाबून बसवायचा. काही मिनिटांत दोन्ही पायांवर मोहरीच्या दाण्यापेक्षा मोठे गोळे दिसू लागतात. मेलिफेरा माशीचा एक गोळा साधारण सात-आठ मिलिग्रॅमचा असतो. सातेरी या आपल्या देशी माशीचा आणि त्याहून लहान फुलोरी माशीचा अर्थातच कमी.

या सगळ्यात शेतकऱ्याच्या फार उपयोगाची एक सवय आहे. माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. म्हणून पायावरचा गोळा बहुतेक वेळा एकाच रंगाचा असतो. पेटीच्या दाराशी दहा मिनिटं बसून येणाऱ्या माशांचे पाय बघितले की आसपास काय फुललंय याचा अंदाज येतो: तिळाचा पांढुरका, मोहरीचा पिवळाधमक, सूर्यफुलाचा नारिंगीकडे झुकणारा, मक्याचा फिका.

कापूस, केळी आणि भरिताची वांगी

कापसाचं फूल सकाळी उघडतं तेव्हा पांढरट-पिवळं असतं आणि आत पराग इतका असतो की बोट लावलं तरी चिकटतो. तरी मधमाशीच्या पायावर कापसाचा गोळा क्वचितच दिसतो. कारण कापसाचा परागकण खूप मोठा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही मोठा असतो आणि त्याच्यावर सगळीकडून काटे असतात. ते काटे आडवे येतात, कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि पायावरच्या टोपलीत गोळा बांधला जात नाही. फुलातून बाहेर आलेली माशी नीट बघा. अंग परागाने माखलेलं असतं, पण ती पानाच्या कडेला बसून पाय घासते आणि तो सगळा पराग झटकून टाकते. मकरंद मात्र ती पोटभर घेते, फुलातूनही आणि पानाच्या मागच्या शिरेवर असलेल्या गोड ग्रंथीतूनही. म्हणून कापसावर ठेवलेल्या पेट्यांत मध येतो. बीटी कापसाबद्दल हमखास विचारलं जातं. त्यातलं बीटी प्रथिन बोंडअळीच्या गटातल्या किडींवर चालतं. मधमाशी वेगळ्या गटातली आहे आणि त्या प्रथिनाने तिला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. तिला धोका आहे तो फवारणीचा.

केळीची गोष्ट याहून सरळ आहे. आपण लावतो ती केळी वांझ जातीची. बियांशिवायच फळ धरतं, परागीभवनाची तिला गरज नाही, आणि तिचा कामाचा पराग नावापुरताच असतो. केळफुलात मकरंद भरपूर असतो, म्हणून माशा तिथे घोंगावतात. पण घडाच्या फण्या सुटल्या की घड पोसावा म्हणून शेतकरी केळफूल मोडून टाकतो. ते योग्यच आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग, शेकडो एकरांच्या सलग बागेत मधमाशीच्या पिलांसाठी घासभरही पराग नसतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

तिसरा अभिमान भरिताच्या वांग्याचा. वांग्याच्या फुलात पराग आहे, पण तो कुलूपबंद. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं आणि फूल विशिष्ट कंपनाने थरथरवलं तरच पराग त्यातून गळतो. हे काम मोठा काळा भुंगा आणि काही रानमाशा करतात. मधमाशीला ते जमत नाही. टोमॅटोचंही तसंच, आणि माळावरच्या पिवळ्या तरवडाचंही.

मग पोळं भरतं कशावर?

पावसाळ्यात पहिला आधार तीळ, बाजरी आणि मका यांचा. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने ‘तापी’ आणि ‘पद्मा’ यांसारखे तिळाचे वाण दिले, पण तिळाचा पेरा पूर्वीसारखा राहिलेला नाही. ज्या गावात अजून कापसात किंवा बांधाकडेने तिळाच्या चार ओळी टाकतात तिथे मधमाशीला मकरंद आणि पराग दोन्ही एकाच फुलात मिळतात. मका, बाजरी, ज्वारी ही वाऱ्यावर परागीभवन होणारी पिकं. त्यांना माशीची गरज नाही आणि त्यांच्याकडे मकरंदही नाही, तरी माशी तिथे जाते ती निव्वळ परागासाठी. ज्वारीचा पराग रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून सकाळपर्यंत सांडतो. ऊन चढलं की खेळ संपला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हिवाळ्यात दादर ही रब्बी ज्वारी निसवते, म्हणजे तिची कणसं बाहेर पडतात, तेव्हा या माशांना थंडीतली मोठी शिदोरी मिळते.

त्यानंतर बांध. मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, गोखरूची जमिनीलगतची पिवळी फुलं, वर्षभर कुठे ना कुठे फुललेली एकदांडी, बोरीची अगदी बारीक हिरवट फुलं, बाभळीचे पिवळे गोंडे. यातलं एकही फूल एकट्याने पोळं भरणार नाही. पण यांची फुलण्याची वेळ वेगवेगळी असते आणि पिकांच्या फुलांमधल्या फटी नेमक्या हीच भरून काढतात. परागाचं झाड ओळखायची सोपी खूण सांगतो: फुलात पाकळ्यांपेक्षा पुंकेसरांचा झुबका जास्त दिसला की तिथे पराग भरपूर. बाभूळ, जांभूळ, शिरीष, नीलगिरी, काटेसावर सगळी या खुणेत बसतात. बाभळीचे परागकण तर सुटे नसतातच. अनेक कण एकत्र जुळून त्यांची पुडी झालेली असते आणि माशीला एका झटक्यात पुडीच मिळते.

यावल, चोपडा, शिरपूरच्या उत्तरेला आणि पुढे अक्राणी-अक्कलकुवा भागात सातपुड्याचं जंगल आहे तिथे हिवाळ्याच्या शेवटाला काटेसावर, चारोळी, सालई, पळस आणि मग मोह, जांभूळ असा क्रम लागतो. आग्या माशा उंच झाडांवर, कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांखाली पोळी लावतात. फुलोरा सरला की पूर्ण वसाहत उठून दुसऱ्या मुलखाला जाते. खाली सपाटीवर फाल्गुन ते वैशाख कडुनिंब आणि करंज सांभाळून घेतात, शेवगा मध्ये मध्ये फुलतो, आणि कांद्याचं बी धरणाऱ्यांचे गोंडे फुललेले असले तर तिथे झुंबड उडते. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला की सगळंच थांबतं. माशा तेव्हा अन्नापेक्षा पाणी जास्त वाहतात. मग चिंचेचा बहर येतो आणि पाऊस पडून तण फुलेपर्यंतचे दिवस निघतात. ही मधली फट आणि ऑगस्टपर्यंतचा संततधारेचा काळ, जेव्हा फूल असतं पण पराग भिजलेला असतो, हे दोन तंगीचे काळ आहेत.

सगळा पराग सारखा नसतो

परागात प्रथिनं किती असतात याला एक उत्तर नाही. वनस्पतींच्या जातींप्रमाणे ते अडीच टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं आहे. माशा आणतात त्या गोळ्यांत साधारणपणे पंधरा ते तीस टक्के सापडतं. मधपाळांमध्ये ढोबळ हिशेब असा की वीस टक्क्यांच्या खाली गेलं तर वसाहत तग धरते पण वाढत नाही. पंचवीसच्या वर असेल तर उत्तम. मोहरीचा पराग या हिशेबात चांगला, वीस ते पंचवीसच्या आसपास. मका आणि सूर्यफूल कमी, पंधराच्या आगेमागे.

पण नुसती टक्केवारी फसवी आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांतली दहा मधमाशीला बाहेरूनच मिळावी लागतात; ए. पी. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. दहापैकी एक जरी गरजेपेक्षा कमी पडलं तरी बाकीच्या नवांचा पूर्ण उपयोग होत नाही. मक्याच्या परागात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल तुटपुंजं असतं. नुसत्या मक्याच्या परागावर ठेवलेल्या वसाहतींत पिलं कमी वाढतात आणि माशा कमी जगतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. नीलगिरीच्या बऱ्याच जातींत प्रथिनं बरी असतात, पण आयसोल्युसीन कमी पडतं.

खानदेशात हे समजावणं अवघड नाही. ज्वारीत लायसीन कमी, उडदात भरपूर. आपण दोन्ही एकत्र दळून कळण्याची भाकरी करतो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मधमाशीचं पोळं हेच करतं. मक्याच्या परागात हिस्टिडीन कमी तर ते बांधावरच्या दुसऱ्या फुलातून येतं, पण त्यासाठी ते फूल बांधावर असायला हवं. शेकडो एकर एकच पीक आणि तणनाशकाने साफ केलेले बांध असतील तर दळणात मिसळायला उडीदच उरत नाही.

फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे आणखी स्पष्ट झालं. मिश्र पराग खाणाऱ्या माशांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचं (एन्झाइमचं) काम जास्त आढळलं. अळ्यांच्या अन्नात आणि मधात जंतूंची वाढ रोखायला हे विकर उपयोगी पडतं. एकाच जातीचा, पण प्रथिनं जास्त असलेला पराग खाणाऱ्या माशांना ते तितकं साधलं नाही. म्हणजे विविधतेचा फायदा प्रथिनांच्या बेरजेपलीकडचा आहे.

प्रथिनांइतकाच स्निग्ध पदार्थांचाही विचार करायला हवा, आणि तो फार कमी वेळा होतो. परागात ते एक टक्क्यापासून वीस टक्क्यांपर्यंत असतात. मधमाशीला स्टेरॉल नावाचे स्निग्ध पदार्थ स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. कात टाकण्याचं संप्रेरक (हार्मोन) बनवायला ती परागातल्या स्टेरॉलवरच अवलंबून असते. ओमेगा-३ कमी पडलेल्या माशांची वास आणि खुणा शिकण्याची क्षमता घटते, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. फूल लक्षात ठेवून परत तिथे जाणं हाच जिचा धंदा, तिच्यासाठी ही कमतरता किती महागात पडत असेल याचा विचार करा.

आणलेला पराग तसाच पडून राहत नाही. माशा तो रिकाम्या कोठड्यांत डोक्याने ठोकून बसवतात, त्यात मध आणि लाळ मिसळतात, वरून मधाचा पातळ थर देतात. आंबटपणा वाढतो आणि तो टिकाऊ होतो. या मुरण्याने परागाची पौष्टिकता खूप वाढते असा पूर्वी समज होता. आता बहुतेक अभ्यासक मानतात की टिकवणं हाच त्यामागचा मुख्य हेतू. दाई माशा तरी ताजाच पराग आधी संपवतात.

कोणता पराग कुठल्या झाडाचा हे रंगावरून पक्कं कळत नाही, कारण पिवळ्या रंगाची फुलं ढीगभर आहेत. खात्री करायची तर सूक्ष्मदर्शक लागतो. मक्याचा कण मोठा, गोल आणि एकाच भोकाचा. नीलगिरीचा लहान आणि त्रिकोणी. तिळाच्या कणावर उभ्या खाचा असतात आणि सूर्यफुलाचा काटेरी असतो. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की आम्लांत उकळलं तरी त्याची नक्षी शाबूत राहते. म्हणूनच मधाच्या थेंबात सापडलेल्या कणांवरून तो मध कोणत्या भागातला हे ओळखता येतं. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत अशा तपासण्यांचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

त्याच चिवट कवचामुळे माणसाने परागाकडे जरा सबुरीने पाहायला हवं. हल्ली बरण्यांत भरून पराग विकला जातो आणि त्यावर ‘परिपूर्ण आहार’ असं लिहिलेलं असतं. तो पौष्टिक आहे यात वाद नाही: प्रथिनं, पोटॅशियम, ब गटातली काही जीवनसत्त्वं, पिवळा रंग देणारे कॅरोटिनॉइड. पण ब-१२ साठी त्याच्यावर विसंबू नये. आणि प्रमाण बघा. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम परागातून मिळतं एक ग्रॅमच्या आसपास प्रथिन. वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून पाच ग्रॅम मिळतं, आणि कवच न फोडता खाल्लेला पराग तर आपल्याला पूर्ण पचतही नाही. ज्यांना दमा किंवा परागाची ॲलर्जी आहे त्यांना एका चमच्यानेही गंभीर त्रास होऊ शकतो. लहान बाळांना आणि गरोदर बाईला तो देऊ नये. ताज्या परागात वीस ते तीस टक्के पाणी असतं, त्यामुळे तो लवकर बुरसतो. ४० अंशांच्या आत वाळवून ओलावा आठ टक्क्यांच्या खाली आणलेला नसेल तर घेऊ नये.

पेट्या असणाऱ्यांनी पराग काढायची जाळी लावताना हा सगळा हिशेब लक्षात घ्यावा. जाळीची भोकं जेमतेम माशी जाईल एवढी, सुमारे पाच मिलिमीटरची असतात. आत शिरताना पायावरचे गोळे खाली गळतात. बाजरी-मका निसवल्यावर किंवा कांद्याचे गोंडे फुलल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस जाळी लावली तर चालतं. मेच्या मध्यात किंवा झडीच्या पावसात ती लावणं म्हणजे पिलांच्या तोंडचा घास काढणं.

पेट्या नसलेल्या शेतकऱ्यालाही करता येण्यासारखं पुष्कळ आहे, कारण डाळिंब, कलिंगड, गिलकी, कांद्याचं बी या सगळ्यांचं उत्पन्न याच माशांवर उभं आहे. केळीच्या बागेला वारा अडवायला कडेने काहीतरी लावतोच, त्यात शेवगा आणि करंज घ्यावेत. कापसात सात-आठ ओळींनंतर तिळाची एक ओळ टाकावी. बांधावरची बोर, बाभूळ, निंब सावलीला भिऊन तोडू नयेत, फांद्या छाटल्या तरी पुरतं. पिकातलं तण निंदावंच, पण बांधावर तणनाशक मारण्याआधी कुरडू, गोखरू, एकदांडी फुलून जाऊ द्यावीत. मका-बाजरी फुलोऱ्यात असताना सकाळी फवारणी अजिबात नको, तेव्हाच माशा कणसांवर असतात. फवारायचंच असेल तर दिवस मावळताना.